नवी टीम हाती आल्यावर आतला संवाद कसा बसवावा: पायरी-पायरीने

टीमची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर येते तेव्हा कामाचं दडपण असतंच, पण त्याहून जास्त दमवतो तो संवादाचा घोळ. ‘मला कोणी सांगितलंच नाही’, ‘मला वाटलं ते तुम्ही करताय’, ‘ते तर ग्रुपवर टाकलं होतं की’ ही वाक्यं दर आठवड्याला कानावर येत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एकाच खोलीत बसणाऱ्या टीम मी सांभाळल्या आहेत आणि वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्याही. त्यात जे खरोखर कामाला आलं, तेवढंच इथे क्रमाने मांडते.

‘सगळ्यांनी एकमेकांशी बोलत जा’ असं सांगून संवाद सुधारत नाही. बहुतेक टीममध्ये बोलणं कमी नसतंच, उलट मेसेजचा पूर असतो. तुटवडा असतो दोन गोष्टींचा. सांगितलेलं समोरच्याला तसंच समजलं का, याची कोणी खात्री करत नाही. आणि काय ठरलं याची नोंद सापडेल अशा ठिकाणी नसते. खालच्या जवळजवळ सगळ्या पायऱ्या या दोन गोष्टींसाठीच आहेत.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एवढं पुरतं:

- सगळ्यांना उघडता आणि लिहिता येईल अशी एक सामायिक फाइल. तिला मी निर्णयवही म्हणते. तिच्यात चारच रकाने: तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं.
- कामांची एक यादी. बोर्ड, स्प्रेडशीट, भिंतीवरचा फळा, काहीही चालेल. प्रत्येक कामापुढे एकच नाव आणि एकच तारीख.
- एक चॅट. दोन किंवा तीन चालू असतील तर बाकीचे बंद करायची तयारी.
- टीमचं एक पान: प्रत्येकाचं नाव, कोणतं काम बघतात, कामाची वेळ, तातडीचा फोन नंबर, आणि ते रजेवर असतील तेव्हा त्यांचं काम कोण बघेल.
- तुमच्या वरिष्ठांची संमती. ही बहुतेक जण विसरतात. वरिष्ठ तुमच्या टीममधल्या माणसांना परस्पर फोन करून कामं देत असतील, तर खालची कोणतीही घडी दोन आठवडे टिकणार नाही. त्यांना आधी भेटा आणि काम तुमच्यामार्फत किंवा थेट यादीत टाकून द्यायचं, एवढं कबूल करून घ्या.

पायरी १: गळती कुठे आहे ते आधी शोधा

आल्या आल्या नवे नियम लावू नका. पहिले दोन आठवडे फक्त बघा आणि ऐका. गेल्या काही महिन्यांत झालेले तीन-चार घोळ निवडा: चुकलेली तारीख, दोनदा झालेलं काम, ग्राहकाला गेलेली चुकीची माहिती. प्रत्येकाच्या मुळाशी जा. कारण साधारण या चारांपैकी एक निघतं:

अ) माहिती संबंधित माणसापर्यंत गेलीच नाही.
आ) गेली, पण वेगळी समजली.
इ) नीट समजली, पण करायचं कोणी हे ठरलं नव्हतं.
ई) कोणाला तरी धोका दिसत होता, पण बोलायची हिंमत झाली नाही.

चारांवर इलाज वेगवेगळे आहेत. ‘अ’ साठी पायरी २, ‘आ’ साठी पायरी ३ आणि ४, ‘इ’ साठी पायरी ५ आणि ६, ‘ई’ साठी पायरी ७. दुखणं ‘ई’चं असताना रोजची मीटिंग लावली, तर रोज सगळे मिळून गप्प बसतील, एवढाच फरक पडेल.

सोबत प्रत्येकाला एकेकटं भेटा. अर्धा तास पुरतो. विचारायचं मोजकंच: कोणती माहिती तुम्हाला उशिरा मिळते? कोणाच्या उत्तरासाठी थांबून राहावं लागतं? कोणती मीटिंग बंद झाली तर तुमचं काही अडणार नाही? तिसऱ्या प्रश्नाला लोक फार मोकळेपणाने उत्तर देतात, म्हणून तो जरूर विचारा.

टीम किती मोठी आहे तेही मोजा. पाच जणांत दोघा-दोघांच्या जोड्या १० होतात, आठ जणांत २८ आणि बारा जणांत ६६. माणसं दुपटीने वाढली की बोलण्याचे मार्ग चौपटीच्या आसपास जातात. पाच जणांत तोंडी चालून जाणारा कारभार बारा जणांत कोलमडतो, आणि त्यात माणसांचा दोष नसतो.

*इथे सांभाळा:* घोळ शोधताना ‘कोणामुळे झालं’ हा प्रश्न तोंडातून निघू देऊ नका. ‘कोणत्या टप्प्यावर निसटलं’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचा वास आला की लोक सावध होतात, आणि मग तुम्हाला खरी माहिती मिळणं बंद होतं.

पायरी २: कोणती गोष्ट कुठे, हे ठरवून टाका

एकाच कामाबद्दल थोडं चॅटवर, थोडं ईमेलवर, थोडं फोनवर आणि उरलेलं चहाच्या वेळी बोललं गेलं, की पूर्ण चित्र कोणाकडेच राहत नाही. टीमला सोबत बसवून एक वाटणी करा. माझी नेहमीची वाटणी अशी असते:

- आत्ता लगेच हवं, काम थांबलंय: फोन. चॅटवर ‘तातडीचं’ लिहून वाट बघत बसायचं नाही.
- आज उत्तर मिळालं तरी चालेल: चॅट, तेही टीमच्या सामायिक जागेत.
- बाहेरच्या विभागाशी किंवा ग्राहकाशी: ईमेल.
- कोणी काय करायचंय: कामांची यादी. यादीत नाही ते काम दिलेलंच नाही, असं समजायचं.
- जे ठरलं: निर्णयवही.
- वाद, नाराजी, कोणाच्या कामातली त्रुटी: समोरासमोर किंवा फोनवर. लिहून कधीच नाही.

शेवटच्या ओळीबद्दल मी अजिबात तडजोड करत नाही. लिहिलेल्या मजकुरात आवाज नसतो. साधं ‘हे अजून झालं नाही का?’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या मनःस्थितीप्रमाणे चौकशी वाटतं किंवा झापणं वाटतं. चॅटवर दोन उत्तरांत गैरसमज मिटला नाही, तर तिसरं उत्तर टाइप न करता फोन उचलायचा, असा नियमच करून ठेवा.

उत्तर किती वेळात अपेक्षित आहे तेही याच बैठकीत ठरवा. उदाहरणार्थ, चॅटला त्याच दिवशी, ईमेलला दुसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत. हे ठरलेलं नसेल तर काही जण प्रत्येक टिणटिणला हातातलं काम सोडतात, काही तीन दिवस बघत नाहीत, आणि दोघांनाही आपलंच बरोबर वाटतं. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री आलेल्या मेसेजला उत्तर द्यायची सक्ती नाही, हे लेखी असू द्या. त्यात तुम्ही स्वतः आलात.

*इथे सांभाळा:* कामाचे प्रश्न तुम्हाला खासगी चॅटवर येतील, विशेषतः नव्या लोकांकडून. सामायिक जागेत विचारायचा संकोच वाटतो, तो साहजिक आहे. उत्तर नाकारू नका. ‘चांगला प्रश्न आहे, हाच ग्रुपवर टाका, तिथे उत्तर देते म्हणजे सगळ्यांना कळेल’ असं म्हणा. चार वेळा असं झालं की सवय लागते.

पायरी ३: मेसेज लिहायला शिकवा, आधी स्वतः शिका

१९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि ऐकणाऱ्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. वाजवलेल्या १२० गाण्यांपैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात पूर्ण चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक ऐकू येते. मेसेज पाठवणाऱ्याचं नेमकं हेच होतं. संदर्भ त्याच्या डोक्यात असतो, मेसेजमध्ये तो उतरत नाही, आणि त्याला ते कळतही नाही.

हा मेसेज बघा:

> ‘ते कालचं रिपोर्टचं बघून घ्या जरा, लवकर पाठवायचंय.’

कोणता रिपोर्ट? बघायचं म्हणजे तपासायचं, दुरुस्त करायचं की मंजूर करायचं? लवकर म्हणजे दुपारी की परवा? पाठवणार कोण, कोणाला? आणि ग्रुपमध्ये सहा जण असताना हे नेमकं कोणाला सांगितलंय? आता तोच मेसेज असा:

> ‘मार्च महिन्याच्या विक्रीचा अहवाल सामायिक फोल्डरमध्ये ठेवला आहे. तक्ता २ आणि ३ मधले आकडे मूळ बिलांशी ताडून बघायचे आहेत. हे काम तुमच्याकडे. गुरुवारी दुपारी ३ पर्यंत झालं की मला कळवा, वरिष्ठांना मी ४ वाजता पाठवते. वेळ कमी पडतोय असं वाटलं तर उद्या सकाळीच सांगा.’

लिहायला दोन मिनिटं जास्त लागली, पण मागची पाच प्रश्नोत्तरं वाचली. यात पाच गोष्टी आहेत: कशाबद्दल, नेमकं काय करायचं, कोणी, कधीपर्यंत, आणि जमत नसेल तर काय करायचं. पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते. अडचण वेळेवर सांगायची परवानगी त्या एका ओळीत असते.

काही बारीक पण महत्त्वाच्या सवयी:

तारीख ३/४ अशी लिहू नका. काही देशांत ती ३ एप्रिल, काही देशांत ४ मार्च. महिना अक्षरात लिहा. ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे शुक्रवार धरून की सोडून, तेही लिहा.

आकड्यापुढे एकक लिहा. १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळाजवळ पोहोचताना नष्ट झालं. एका गटाच्या सॉफ्टवेअरने आकडे ब्रिटिश पद्धतीच्या एककात दिले, दुसऱ्या गटाने ते मेट्रिक समजून वापरले. मार्ग किंचित चुकतोय ही शंका काही जणांना वाटेत आलीही होती, पण ती ठरलेल्या अधिकृत मार्गाने नोंदवली गेली नाही. म्हणजे वरच्या यादीतले ‘आ’ आणि ‘अ’ दोन्ही एकाच प्रकरणात.

‘करायला हवं’, ‘होऊन जाईल’, ‘कोणीतरी बघा’ या बोलीत कर्ताच नसतो. असं वाक्य दिसलं की ‘कोण करणार?’ एवढंच विचारा. दरवेळी विचारा, न चिडता.

एका मेसेजमध्ये तीन वेगळे विषय टाकू नका. उत्तर पहिल्याचं किंवा शेवटच्याचं येतं, मधला विषय हवेत विरतो.

पायरी ४: सांगितलेलं परत सांगून घ्या

एकच पायरी करायला वेळ असेल तर ही करा.

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जंबो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली आणि ५८३ जण गेले. उड्डाणाची परवानगी मिळालेली नसताना एका विमानाच्या कप्तानाने धाव सुरू केली होती. सहवैमानिकाने रेडिओवर जे सांगितलं त्याचा एक अर्थ ‘आम्ही उड्डाणाच्या जागी उभे आहोत’ असा होत होता, आणि दुसरा ‘आम्ही निघालो आहोत’ असा. नियंत्रकाने आधी ‘ओके’ म्हटलं. त्यानंतरची ‘थांबा’ ही सूचना दुसऱ्या विमानाच्या संदेशात मिसळून कर्कश आवाजात अडकली. या अपघातानंतर विमानवाहतुकीतली भाषा कडक झाली. ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देतानाच वापरायचा, आणि नुसतं ‘ओके’ न म्हणता मिळालेल्या सूचनेतला महत्त्वाचा भाग स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायचा.

आपल्या कामात कोणाचा जीव पणाला नसेलही, पण ‘ओके’, ‘हो’ आणि अंगठ्याची खूण यांनी आपणही तसेच फसतो. अंगठा म्हणजे वाचलं, पटलं, करतो, की झालं? टीममध्ये एकदाच ठरवा: अंगठ्याचा अर्थ फक्त ‘वाचलं’. काम स्वीकारलं असेल तर शब्दांत लिहायचं.

तोंडी काम देताना परत सांगून घेणं अवघड वाटतं, कारण ‘समजलं का? सांगा बघू काय समजलं’ असं म्हटलं की वर्गात उभं केल्यासारखं होतं. वयाने मोठ्या सहकाऱ्याला तर ते टोचतंच. म्हणून जबाबदारी स्वतःकडे घ्या:

> ‘मी जरा घाईत सांगितलं. माझ्याकडून काही राहिलं नाही ना, ते बघायचंय. तुम्ही सुरुवात कुठून कराल?’
> ‘आधी जुन्या ग्राहकांची यादी काढतो, मग सगळ्यांना पत्र पाठवतो.’
> ‘सगळ्यांना नाही, फक्त ज्यांची मुदत या महिन्यात संपतेय त्यांना. बरं झालं बोललो.’

‘समजलं का’ या प्रश्नाला जगभर ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘सुरुवात कुठून कराल’ या प्रश्नाला मात्र खरं उत्तर द्यावंच लागतं.

तुम्ही स्वतःही वरिष्ठांनी काम दिलं की दोन ओळींत परत लिहून पाठवा: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे मी हे-हे या तारखेपर्यंत करते, बरोबर ना?’ टीम बघत असते. तुम्ही केलंत तर तेही करतील.

पायरी ५: मीटिंग कमी करा, पण झालेली प्रत्येक मीटिंग लिहा

यावर खूप लिहिलं गेलंय, म्हणून थोडक्यात. प्रत्येक मीटिंगच्या निमंत्रणात एक वाक्य हवं: ‘शेवटी काय ठरलेलं असायला हवं’. हे वाक्य लिहिता येत नसेल तर ती मीटिंग नको, त्या जागी मेसेज पुरेल. रोजची उभ्याने होणारी मीटिंग १५ मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नका. दोघांतला विषय निघाला तर त्या दोघांनी नंतर बसावं, बाकीच्यांना सोडा.

इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं याची बखर नव्हे. तीनच गोष्टी लिहा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. त्याच दिवशी पाठवा आणि निर्णय निर्णयवहीत उतरवा. ‘का ठरलं’ हा रकाना रिकामा ठेवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी तोच विषय पुन्हा काढतं, तेव्हा हा रकाना तासभर वाचवतो.

लिहिण्याचं काम आळीपाळीने द्या. टीममधल्या एकाच व्यक्तीकडे, आणि बहुधा ती बाई असते, हे काम कायमचं चिकटतं. तसं होऊ देऊ नका. लिहिणाऱ्याला बोलायला वेळ मिळत नाही.

मतं विचारायची असतील तर सर्वात कनिष्ठ व्यक्तीपासून सुरुवात करा आणि तुम्ही शेवटी बोला. तुम्ही आधी बोललात की पुढची मतं तुमच्या मताला जोडलेली येतात.

पायरी ६: काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना

रजा, शिफ्ट बदल, बदली, राजीनामा. घोळांचा मोठा वाटा याच सांध्यांवर असतो. रुग्णालयांनी याचा नीट अभ्यास केला आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या ९ बाल-रुग्णालयांत डॉक्टरांच्या पाळी बदलताना माहिती कशी द्यायची याचा ‘आय-पास’ नावाचा ठरावीक साचा आणि त्याचं प्रशिक्षण दिलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोगे अपाय ३० टक्क्यांनी कमी झाले. त्या साच्याचा शेवटचा भाग असा की माहिती घेणाऱ्याने ती आपल्या शब्दांत परत सांगायची. पुन्हा पायरी ४.

ऑफिससाठी मी त्यावरून बेतलेला साचा वापरते:

१) निकड: शांत आहे, लक्ष ठेवा, की आग लागली आहे.
२) आत्तापर्यंत काय झालं, तीन-चार ओळींत.
३) उरलेली कामं, प्रत्येकापुढे तारीख.
४) काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर काय करायचं.
५) कोणाशी बोलायचं, कोणती फाइल कुठे आहे, परवानग्या मिळाल्या आहेत का.

भरल्यावर असा दिसतो:

> ‘निकड: लक्ष ठेवा. पुरवठादाराचं नवं दरपत्रक आलं आहे, आपण दोन कलमांवर हरकत घेतली आहे, त्यांचं उत्तर यायचं आहे. मंगळवार १२ तारखेपर्यंत उत्तर न आल्यास फोन करायचा. ते जुना दर मान्य नाही म्हणाले तर स्वतः हो किंवा नाही म्हणू नका, खरेदीप्रमुखांकडे पाठवा. सगळा पत्रव्यवहार सामायिक फोल्डरमध्ये, तुम्हाला तो उघडता येतोय हे आज तपासून घ्या.’

शेवटचं वाक्य क्षुल्लक वाटेल. पण रजेच्या पहिल्या दिवशी पासवर्डसाठी फोन येतो तो याच वाक्याअभावी. हा कागद द्यायचा, आणि सोबत पंधरा मिनिटं बसून बोलायचंही. नुसता कागद किंवा नुसतं बोलणं, दोन्ही अपुरं.

पायरी ७: वाईट बातमी लवकर येईल अशी व्यवस्था करा

इथपर्यंतच्या पायऱ्या कागदावर बसवता येतात. ही बसवता येत नाही. ही तुमच्या वागण्यावर आहे, आणि म्हणून सर्वात अवघड.

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आदल्या रात्री अग्निबाणांची निर्मिती करणाऱ्या कंपनीतल्या अभियंत्यांनी एवढ्या थंडीत उड्डाण करू नका, असं दूरध्वनी-बैठकीत सांगितलं होतं. त्यांच्याच व्यवस्थापनाने नंतर तो सल्ला फिरवला. पुढे चौकशी आयोगाला आढळलं की उड्डाणाचा अंतिम निर्णय घेणाऱ्यांपर्यंत हा मूळ विरोध पोहोचलाच नव्हता. माहिती होती, माणसं बोललीही होती, पण बातमी वर चढताना गाळली गेली.

हे गाळणं लहान टीममध्येही रोज होतं. उपाय पुढचे:

*पहिली प्रतिक्रिया सांभाळा.* कोणी येऊन ‘तारीख चुकणार आहे’ असं म्हणालं, की पहिलं वाक्य ठरवून ठेवा: ‘बरं झालं आत्ता सांगितलंत. काय काय पर्याय आहेत?’ कारणमीमांसा नंतर करा, त्याच दिवशी नको. तुमच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते टीम महिनाभर लक्षात ठेवते, आणि पुढची वाईट बातमी तुमच्याकडे कधी आणायची ते त्यावरून ठरवते.

*प्रश्न बदला.* ‘काही अडचण नाही ना?’ या प्रश्नातच उत्तर दडलेलं आहे. त्याऐवजी ‘या कामात पहिल्यांदा कुठे अडकू असं वाटतं?’ असं विचारा. अडचण आहे हे गृहीत धरलं की ती सांगणं सोपं जातं.

*एकमेकांची नावं आणि कामं माहीत असू द्या.* जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. त्यातला एक मुद्दा म्हणजे चिरफाड सुरू होण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि भूमिका सांगायची. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ही यादी वापरल्यावर मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. श्रेय संपूर्ण यादीचं आहे, एका मुद्द्याचं नव्हे. तरी ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलं आहे, त्याला पुढे ‘थांबा, हे चुकतंय’ म्हणणं सोपं जातं, हे कोणत्याही मीटिंगमध्ये बघायला मिळेल. बाहेरच्या विभागासोबतच्या पहिल्या बैठकीत नाव आणि काम सांगायची फेरी घ्याच.

*त्रुटी एकांतात, कौतुक चारचौघांत, आणि दोन्ही नेमक्या शब्दांत.* ‘तुमचं लिखाण सुधारा’ याचा काही उपयोग नाही. ‘सोमवारच्या ईमेलमध्ये किंमत तिसऱ्या परिच्छेदात आली, ग्राहकाने ती न वाचताच फोन केला. पुढच्या वेळी ती पहिल्या ओळीत घ्या’ याचा आहे. कौतुकही तसंच: ‘छान काम’ पेक्षा ‘तुम्ही बुधवारीच उशीर होणार म्हणून सांगितलंत, त्यामुळे ग्राहकाला वेळेत कळवता आलं.’ असं कौतुक ऐकणाऱ्या बाकीच्यांनाही कळतं की इथे लवकर सांगण्याची किंमत आहे.

*इथे सांभाळा:* ‘माझं दार सगळ्यांसाठी उघडं आहे’ एवढं जाहीर करून थांबू नका. दारातून आत यायला धीर लागतो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येकाशी अर्धा तास ठरवून बोला, आणि काम वाढलं म्हणून हीच भेट सर्वात आधी रद्द करू नका.

पायरी ८: काही जण लांबून काम करत असतील तर

निम्मे खोलीत आणि निम्मे पडद्यावर, असं असेल तर पडद्यावरच्यांना खोलीतलं हसणं आणि कुजबुज कळत नाही. सगळ्यांनी आपापल्या यंत्रावरून जोडून घ्या, किंवा खोलीतल्या एकाला लांबच्यांच्या वतीने हात वर करायचं काम द्या. जेवणाच्या टेबलावर काही ठरलं तर ते निर्णयवहीत येईपर्यंत ठरलेलं नाही. वेळ लिहिताना कोणत्या देशाची ते लिहा. वेगवेगळ्या वेळांच्या टीममध्ये गैरसोयीची वेळ दरवेळी त्याच लोकांच्या वाट्याला येत नाही ना, हे महिन्यातून एकदा बघा.

पायरी ९: दोन महिन्यांनी मोजा आणि छाटा

सगळ्या पायऱ्या एकदम लावू नका. पहिल्या महिन्यात २ आणि ४, दुसऱ्या महिन्यात ३ आणि ६, असा क्रम झेपतो. ७ मात्र पहिल्या दिवसापासून. दोन महिन्यांनी पायरी १ मधले तेच प्रश्न पुन्हा विचारा आणि उत्तरं शेजारी-शेजारी ठेवा. शिवाय एवढं बघा: तोच प्रश्न किती वेळा परत विचारला जातोय? तारीख चुकणार हे तारखेच्या किती दिवस आधी कळतंय? दोनदा झालेली कामं कमी झाली का? दुसरा आकडा माझ्या मते सर्वात बोलका आहे. आधी तो शून्याच्या जवळ असतो. तो तीन-चार दिवसांवर गेला तर तुमची टीम एकमेकांशी नीट बोलू लागली आहे.

जे कोणी वापरत नाही ते काढून टाका. रिकामा राहणारा रकाना, कोणी न वाचणारा साप्ताहिक अहवाल, दोनच जण बोलतात ती मीटिंग. नियम वाढवणं सोपं असतं, काढायला ठरवून बसावं लागतं.

पुढच्यांदा कोणी नवीन रुजू झालं की त्यांना पहिल्या दिवशी टीमचं पान आणि निर्णयवही द्या आणि सांगा: पहिले पंधरा दिवस जे-जे कळलं नाही, जे शोधूनही सापडलं नाही, ते एका कागदावर लिहून ठेवा. जुन्यांना जे दिसेनासं झालंय ते त्या कागदावर येतं. पंधराव्या दिवशी तो कागद घेऊन सोबत बसा, आणि टीमच्या पानातली दुरुस्ती त्यांच्याच हातून करून घ्या.